दुहेरी नऊ, उठलेली रेघ आणि सुजलेली अक्षरं: तांब्याच्या पैशावर साचा कसा वाचायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यात दांडिया बाजारातल्या जुन्या घराची आवराआवर करताना आजोबांच्या डब्यात तांब्याची साठ-सत्तर नाणी निघाली. बहुतेक सयाजीराव महाराजांच्या काळातले पैसे आणि ढब्बू, सोबत थोडे इंग्रजी पाव आणे आणि भोकाचे पैसे. विचारणाऱ्याने त्यातली तीन बाजूला काढली आहेत. संवत १९४९ च्या एका पैशावर शेवटचा ९ दुहेरी दिसतो. त्याच सालच्या दुसऱ्या पैशावर कडेपासून मधल्या तलवारीच्या चित्रापर्यंत एक उठलेली रेघ आहे. तिसरा १९४० चा पाव आणा. त्याची कडेची अक्षरं जाड आणि पसरलेली आहेत, आणि अगदी तसाच एक पाव आणा त्यांनी 'डबल डाय' म्हणून भारी किमतीला विकायला ठेवलेला पाहिला. ही तिन्ही दुर्मिळ म्हणायची का, आणि साच्यातला मूळचा फरक आणि साच्याची झीज यांत फरक कसा करायचा?

मी बडोद्याचाच. मकरपुऱ्यात बत्तीस वर्षं टूलरूममध्ये डाय, म्हणजे साचे, बनवले, घासले, तडकलेले पाहिले. नाणी त्याच्याही आधीपासून जमवतोय. त्यामुळे नाणं हातात आलं की राजाच्या आधी मला साचा दिसतो. तुमच्या फोटोंवरून माझं मत आधीच सांगतो: दुहेरी ९ वाला पैसा जपून ठेवा, त्यात खरोखर काही असू शकतं. रेघेचा पैसा म्हणजे तडकलेला साचा. बाजारात त्याला फारशी किंमत नाही, पण शिकण्यासाठी तिन्हींत तोच सगळ्यात चांगला. पाव आणा हा थकलेल्या साच्याचा आहे, त्याला डबल डाय म्हणून एक रुपयाही जास्त देऊ नका.

आता कारणं. नाण्यावर जे उठलेलं दिसतं ते साच्यात खोल असतं, आणि साच्यावर जे उठलेलं ते नाण्यावर खोल उमटतं. एवढं एक मनात पक्कं धरलं की अर्धे घोटाळे सुटतात. उरलेल्या अर्ध्यांसाठी मी प्रत्येक खुणेला एकच प्रश्न विचारतो: हे केव्हा घडलं? साचा तयार होताना घडलं असेल तर ती खूण त्या साच्याच्या पहिल्या नाण्यापासून शेवटच्या नाण्यापर्यंत तशीच मिळणार. साचा चालताना घडलं असेल तर ती पहिल्या नाण्यांवर नसणार आणि पुढे वाढत जाणार. आणि नाणं पडताना किंवा पडल्यानंतर घडलं असेल तर ती त्या एकाच नाण्याची गोष्ट. खरी व्हरायटी, म्हणजे मूळचाच वेगळा प्रकार, फक्त पहिल्या गटात असते. दुसऱ्या गटाला मी साच्याचं वय म्हणतो. तिसरा गट म्हणजे अपघात, मार, ओरखडे.

आता तुमचा ९. संवत १९४९ या आकड्याची मोठी सोय म्हणजे त्यात दोन ९ आहेत. साल दरवर्षी बदलायचं असल्यामुळे जुन्या पद्धतीत आकडे बहुधा वेगळ्या पंचाने, म्हणजे टोकाला आकडा असलेल्या पोलादी ठशाने, साच्यात ठोकत. पहिला ठोका उथळ किंवा तिरका बसला की कारागीर पंच सरळ करून दुसरा ठोका मारी, आणि पहिल्याची पुसट कड साच्यात राहून जाई. ती कड मग त्या साच्याच्या प्रत्येक नाण्यावर उमटते. म्हणून आधी दोन्ही ९ शेजारी शेजारी ठेवून बघा. पहिला ९ स्वच्छ आणि फक्त शेवटचा दुहेरी असेल, तर पंच दोनदा ठोकल्याची शक्यता वाढते. पण शेवटच्या ९ बरोबर 'संवत' ची अक्षरं आणि शेजारची पानंही त्याच दिशेला सरकलेली दिसत असतील, तर तो ठोक्याच्या क्षणी साचा किंचित हलल्याचा परिणाम आहे. त्याला मशीन डबलिंग म्हणतात आणि त्याची किंमत शून्य.

भिंगाखाली हे दोन प्रकार अगदी वेगळे दिसतात. मशीन डबलिंगमध्ये अक्षराच्या बाजूला सपाट, चपटी पायरी दिसते, जणू कडेवर कोणी पट्टी दाबली आहे. मूळ अक्षराची थोडी रुंदी ती पायरी खाऊन टाकते. पंचाचा दुसरा ठोका असेल तर दोन्ही आकृत्यांना स्वतःची गोलाई असते, आणि जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे एक बारीक खाच दिसते. ९ च्या गाठीच्या आत बघा. पहिल्या ठोक्याचं उरलेलं टोक बऱ्याचदा तिथेच अडकून बसलेलं असतं, कारण दुसऱ्या ठोक्याने ते पुसलं जात नाही.

तिसरी शक्यता सगळ्यात मोलाची: संवत १९४८ चा उरलेला साचा दुरुस्त करून ८ वर ९ ठोकणं. तसं असेल तर ८ ची खालची, उजवीकडे ओढलेली कमान कुठे तरी ९ च्या रेषेबाहेर डोकावायला हवी, आणि तिची जागा १९४८ च्या खऱ्या नाण्यावरच्या ८ शी जुळायला हवी. डोळ्यांनी 'वाटतंय' म्हणून चालत नाही. १९४८ च्या पैशाचा फोटो त्याच आकारात काढा, ८ ट्रेसिंग पेपरवर उतरवा आणि तुमच्या ९ वर ठेवून बघा. नव्वदच्या दशकात मी असाच एक 'आठावर नऊ' पैसा एका विक्रेत्याकडून अर्ध्या पगाराला घेतला होता. दोन महिने तो मी सगळ्यांना दाखवला. मग एका रात्रपाळीला टूलरूमच्या मायक्रोस्कोपखाली धरला आणि ती सपाट पायरी दिसली. तेव्हापासून ट्रेसिंग पेपरशिवाय मी कोणत्याही दुहेरी आकड्यावर मत देत नाही.

(संवताचं इंग्रजी साल काढताना एक काळजी घ्या. गुजरातेत संवत दिवाळीनंतर, कार्तिकात बदलतो. त्यामुळे संवत १९४९ म्हणजे १८९२ ची दिवाळी ते १८९३ ची दिवाळी. नुसते ५७ वजा करून '१८९२ चं नाणं' असं पाकिटावर लिहिणं अर्धवट बरोबर आहे.)

दुसरं नाणं, रेघेचं. आधी बोटाच्या नखाने नव्हे, लाकडी टूथपिकच्या टोकाने अलगद चाचपून बघा: रेघ उठलेली आहे की खोलगट? खोलगट असेल तर तो नाण्यावरचा ओरखडा आहे, विषय संपला. उठलेली असेल तर साच्याच्या पोलादाला तडा गेला होता आणि दाबाखाली तांबं त्या तड्यात शिरलं. तडा बहुधा कडेकडून सुरू होतो, अक्षरांच्या टोकांवरून उड्या मारत आत येतो, कारण साच्यात अक्षरं खोल कोरलेली असतात आणि तिथेच पोलाद कमजोर असतं. तुमच्या फोटोत रेघ नेमकी अक्षराच्या पायातून तलवारीच्या टोकाकडे गेली आहे. तडा जातो तो असाच.

आमच्याकडे नावाची पट्टी उठवणारी एक डाय होती. तिला तडा गेला तरी ऑर्डर घाईची असल्याने पाळी संपेपर्यंत ती चालवली. संध्याकाळी चार्जमननी टोपलीतल्या पट्ट्या टेबलावर ओतल्या आणि मला म्हणाले, "वेळेप्रमाणे लाव." कशावर वेळ लिहिलेली नव्हती. पण कोणावर रेघ केसाएवढी, कोणावर दोऱ्याएवढी, आणि शेवटच्या काहींवर कोपऱ्यात धातूचा गोळाच आलेला, कारण तिथला पोलादाचा तुकडा उडाला होता. तडा कधी मागे जात नाही. रेघेच्या लांबीने पट्ट्या लावल्या तर सकाळ ते संध्याकाळ क्रम आपोआप लागला. नाण्यांचंही अगदी हेच होतं.

म्हणून सांगतो, या पैशाचे भाऊ शोधा. काही वर्षांपूर्वी मांडवीजवळच्या एका भांड्यांच्या दुकानात मोडीच्या तांब्यात मला एकाच सालचे तीन पैसे मिळाले. तिघांवर त्याच अक्षराच्या पायातून निघणारी तीच रेघ. एकावर ती अर्ध्यात थांबलेली, दुसऱ्यावर तलवारीपर्यंत, तिसऱ्यावर कडेला उंचवटा आलेला. तिघांची दर्शनी बाजू एकाच साच्याची, यात शंका उरली नाही. मग उलटून पाहिलं, तर पहिल्या दोघांची मागची बाजू एक आणि तिसऱ्याची वेगळी: वेलीचं शेवटचं पान आणि आकडा यांतलं अंतरच निराळं. म्हणजे पुढचा साचा तडकत असतानाच मागचा बदलला गेला होता. टांकसाळीच्या वहीत हे कोणी लिहून ठेवलं असेल नसेल, पण तीन पैशांनी ते सांगितलं. अशा जोड्या नोंदवायची सवय लावा. दर्शनी साच्याला एक क्रमांक, मागच्याला दुसरा, आणि कोण कोणाबरोबर चाललं याचा साधा तक्ता. मला या छंदात याहून मोठा आनंद दुसरा मिळालेला नाही.

तिसरं नाणं, पाव आणा. साचा हजारो ठोके खातो तेव्हा धातू प्रत्येक वेळी मध्यातून कडेकडे सरकतो आणि पोलादावरून घासत जातो. त्याचा पहिला बळी कडेची अक्षरं. त्यांच्या खाचांच्या तीक्ष्ण कडा गोल होतात, मग नाण्यावर अक्षरं फुगलेली, बाहेरच्या बाजूला ओघळलेली दिसतात, आणि कधी कधी ती चक्क दुहेरी भासतात. पण खाच नसते, दोन वेगळ्या गोलाया नसतात, नुसती सूज असते. शिवाय मोकळ्या जागेत मध्यातून कडेकडे जाणाऱ्या बारीक रेषा दिसतात, उन्हात पाण्यावर उठतात तशा. तुमच्या फोटोत राजाच्या मानेसमोर त्या स्पष्ट आहेत. खरी डबल डाय वेगळी: हबने, म्हणजे उठावाच्या मूळ ठशाने, साचा दाबताना एका दाबात पूर्ण उठाव येत नसे, मध्ये पोलाद तापवून मऊ करून पुन्हा दाबावं लागे, आणि दुसऱ्या वेळी बसवताना चूक झाली की साचाच दुहेरी जन्माला येई. तिथे अक्षरांची टोकं फाटलेली, दोन स्वच्छ कडा असलेली दिसतात.

इथे बरेच जण आणखी एक गल्लत करतात, तीही सांगून टाकतो. साच्याची झीज आणि नाण्याची झीज एक नव्हे. हातोहात फिरून झिजलेल्या नाण्यावर सगळ्यात उंच भाग आधी जातात: भुवई, मुकुटाचा माथा, केस. ते गुळगुळीत, सपाट होतात. थकलेल्या साच्याचं नाणं मात्र अगदी कोरं, चकाकतंही असू शकतं आणि तरी अक्षरं सुजलेली असतात. आणि नुसता ठोका हलका पडला असेल तर मध्यभाग अर्धवट राहतो, त्या उंच जागी ठोका पडण्याआधीच्या कोऱ्या चकतीचा मूळ खरखरीतपणा तसाच दिसतो.

१९४० च्या पाव आण्यात शोधण्यासारखं खरं काही आहे, ते वेगळं. त्या साली सहाव्या जॉर्जचे दोन चेहरे चालले: आधीचा उंच उठावाचा आणि नंतरचा चपट्या उठावाचा. थकलेल्या साच्याचा उंच चेहरा चपटा समजून घेतल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत. उठावावर जाऊ नका, चेहऱ्याच्या आणि मुकुटाच्या रेषा एका खात्रीच्या नमुन्याशी ताडून बघा. तुमचा फोटो मला चपट्या चेहऱ्याचा वाटतो, पण तिरप्या उजेडातला एक फोटो पाहिल्याशिवाय लिहून देणार नाही.

डब्यातल्या बाकीच्या नाण्यांवर काय काय दिसेल तेही थोडक्यात. 'सं' वरचा अनुस्वार नसलेला पैसा मिळाला तर लगेच 'चुकीचं अक्षर' म्हणून उड्या मारू नका. साच्याच्या त्या खळग्यात वंगण आणि धूळ साचली की टिंब उमटत नाही, आणि पुढच्या साफसफाईनंतर परत उमटू लागतं. अशा जागी बऱ्याचदा पुसटसा उंचवटा राहतो. मोकळ्या जागेत एकाच दिशेच्या असंख्य बारीक उठलेल्या रेषा असतील आणि त्या अक्षराशी येऊन थांबत असतील, तर त्या साचा घासल्याच्या. नाणं घासल्याच्या रेषा खोलगट असतात आणि अक्षरांवरूनही जातात. घासताना बारीक गोष्टी, वेलीचे देठ वगैरे, साच्यावरून पार नाहीसे होतात, तेव्हा 'देठ नसलेला प्रकार' जाहीर करण्याआधी हाही विचार करा. मोकळ्या जागेत विरुद्ध बाजूच्या आकृतीची उलटी, पुसट छाया दिसली, तर चकती न येता दोन्ही साचे एकमेकांवर आदळले होते. आणि बारीक पुरळ उठल्यासारखं दिसलं तर साचा पडून गंजला होता.

मग खऱ्या व्हरायटी कोणत्या? सयाजीरावांच्या यंत्रावर पाडलेल्या पैशांत जाड आणि पातळ चकतीचे प्रकार आहेत. तुमचे सगळे पैसे ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोला आणि व्हर्नियरने जाडी घ्या, ढीग आपोआप दोन पडतील. इंग्रजी पाव आण्यातही तोल बोलतो: १९०६ पासून तांब्याऐवजी कांसं आलं आणि वजन ६.४८ वरून ४.८६ ग्रॅमवर उतरलं. भोकाच्या पैशांवर, १९४३ ते १९४७, मुकुटाचा माथा चपटा की गोलाकार हे बघा, आणि सालाचे आकडे लहान की मोठे हेही. भोक मध्यावरून सरकलेलं असेल तर ती चकतीची चूक, साच्याशी तिचा संबंध नाही. कधी टांकसाळ मुद्दामच खूण करते. व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८६२ हेच साल पुढे कित्येक वर्षं कायम ठेवलं आणि मुंबई टांकसाळीने टिंबं वाढवत नेऊन वर्षं ओळखू येतील अशी सोय केली. पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजाच्या गळ्यातल्या साखळीतला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला आणि १९१२ पासून तो सुधारला गेला. हा तर मूळ आरेखनातलाच बदल, साच्याच्या पातळीवरचा नव्हे.

स्वातंत्र्यानंतरच्या सुट्ट्या पैशांत सालाखालची खूण बघतात: मुंबईची पत्त्यांतल्यासारखी चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचं टिंब, कोलकात्याला काही नाही. इथे झीज सगळ्यात जास्त फसवते. तारा भरून आला की टिंब दिसतो, चौकटीचे कोपरे झिजले की तीही टिंब दिसते. नोएडाची टांकसाळ १९८८ मध्ये सुरू झाली, तेव्हा त्याआधीच्या सालावर 'नोएडा' म्हणून कोणी काही विकत असेल तर तिथेच थांबा. पुढे स्टेनलेस स्टीलची सुट्टी नाणी आली. तो धातू कठीण, साचे लवकर थकतात, म्हणून त्या नाण्यांवर तडे आणि सुजलेली अक्षरं ढिगाने मिळतात.

पाहण्याची रीत. दहापट भिंग पुरतं, त्याहून मोठं सुरुवातीला घोटाळाच करतं. टेबललॅम्प एका बाजूने, अगदी खाली, आणि खोलीतले बाकीचे दिवे बंद. नाणं जागच्या जागी फिरवा. उजेडाची दिशा बदलली तरी टिकते ती खूण खरी. दोन नाणी एकाच साच्याची का हे ठरवायला अक्षरांच्या आकारापेक्षा अंतरं बघा. इंग्रजी नाण्यांच्या कडेला ठिपक्यांची माळ असते. एखाद्या अक्षराच्या उभ्या दांड्याची रेष मनाने बाहेर वाढवा आणि ती ठिपक्यावर पडते की दोन ठिपक्यांच्या मध्ये ते टिपा. बडोद्याच्या पैशावर मी तलवारीच्या टोकापासून जवळच्या अक्षराकडे अशी रेष धरतो. झिजेने अक्षर जाड होईल, पुसट होईल, पण त्याची जागा सरकत नाही.

आणि डब्यातली नाणी चिंच-मीठ लावून घासू नका, हे हात जोडून सांगतो. साच्याच्या बारीक रेषा त्या तपकिरी थरातच सुरक्षित आहेत. चिकट मळ असेल तर शुद्ध ऍसिटोनमध्ये थोडा वेळ, उघड्या खिडकीशी आणि ज्योतीपासून लांब, मग डिस्टिल्ड पाण्यातून काढून कापसावर वाळवा. पुसायचं नाही.

पुढे तुम्ही आणखी पैसे विकत घ्याल, म्हणून एक गोष्ट. दोन नाण्यांवर तीच उठलेली खूण असणं हे एका साच्याचं लक्षण. पण दोन नाण्यांवर तोच खोलगट मार, तोच ओरखडा असेल, तर सावध व्हा. मार हा एका नाण्याचा असतो. तो दोघांवर आला म्हणजे एका नाण्यावरून साचा घेऊन नकला ओतल्या असण्याची शंका आहे. मग कडेवर जोड दिसतो का आणि पृष्ठभाग वाळूसारखा रवाळ आहे का ते बघा.

तुमच्या ९ साठी मला हवं आहे ते एवढंच: उजेड चारही बाजूंनी आळीपाळीने टाकून काढलेले चार फोटो, दोन्ही ९ एकाच चौकटीत येतील असे, नाण्याचं वजन आणि जाडी, आणि मागच्या बाजूचा एक पूर्ण फोटो. डबा पुन्हा एकदा नीट बघा. संवत १९४८ चा एखादा पैसा त्यात असेल तर त्याचाही फोटो त्याच उंचीवरून, त्याच उजेडात काढा. त्याचा ८ हाती आल्याशिवाय तुमच्या ९ चा निकाल मला देता येणार नाही.